स्वॉट अ‍ॅनालिसिस : चार चौकोन भरून झाले, आता निर्णय कोण घेणार?



"सर, स्वॉट केलंय आम्ही." हे वाक्य ट्रेनिंगमध्ये नेहमी ऐकू येतं. वही उघडून बघितलं, की कागदावर चार चौकोन असतात. पहिल्यात लिहिलेलं असतं, 'क्वालिटी चांगली, सर्व्हिस चांगली, मेहनती स्वभाव.' दुसऱ्यात 'भांडवल कमी.' तिसऱ्यात 'मार्केट मोठं आहे.' चौथ्यात 'स्पर्धा खूप.' आता हा कागद किराणा दुकानदाराचा आहे, ब्युटी पार्लरवाल्या ताईंचा आहे की फॅब्रिकेशनवाल्या दादांचा? काहीच सांगता येत नाही. जो कागद कोणालाही चालतो, तो तुमच्या काही उपयोगाचा नाही.

स्वॉटचं खरं काम एकच आहे. पुढच्या तीन महिन्यांत काय करायचं आणि काय करायचं नाही, हे ठरवायला मदत करणं. गाळा घ्यायचा की नाही? लोन काढायचं की नाही? नवीन प्रॉडक्ट आणायचं की आहे तेच वाढवायचं? आपल्यासारख्या छोट्या उद्योजकाकडे एकच डाव असतो. घरातलं सोनं गहाण ठेवून घेतलेला निर्णय चुकला, तर त्याची किंमत सगळं घर मोजतं. म्हणून आज हा विषय सावकाश समजून घेऊ.

आधी आत-बाहेर वेगळं करा

स्वॉट म्हणजे चार गोष्टी : स्ट्रेंथ म्हणजे ताकद, वीकनेस म्हणजे कमतरता, ऑपॉर्च्युनिटी म्हणजे संधी आणि थ्रेट म्हणजे धोका.

पहिल्या दोन गोष्टी तुमच्या धंद्याच्या आतल्या आहेत. त्या तुमच्या हातात आहेत, बदलायच्या ठरवल्या तर बदलता येतात. पुढच्या दोन बाहेरच्या आहेत. त्या तुम्ही असा नसा, घडणारच.

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. 'स्पर्धा वाढली आहे' हे लोक कमतरतेत लिहितात. तो धोका आहे, कारण स्पर्धा तुमच्या आत नाही. 'मला इन्स्टाग्रामवर जाहिरात करता येईल' हे संधीत लिहितात. ती संधी नाही, ते तुम्ही करायचं काम आहे. संधी म्हणजे बाहेर काहीतरी बदललंय. शेजारी नवीन हॉस्पिटल झालं, जवळ कॉलेज सुरू झालं, रस्ता रुंद झाला.

सोपी कसोटी सांगतो. स्वतःला विचारा, "उद्या माझं दुकान बंद झालं, तरी ही गोष्ट राहील का?" राहणार असेल तर ती बाहेरची. राहणार नसेल तर आतली.

गिरगावच्या गच्चीवरून शिकायचा धडा

कमतरता लिहायला आपल्याला लाज वाटते. म्हणून एक खरं उदाहरण बघू.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल होतं ८० रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच पुढे 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' झालं. या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

त्यांनी काही स्वॉटचा तक्ता काढला नव्हता. पण आज मागे वळून बघितलं, तर चारही चौकोन स्पष्ट दिसतात.

ताकद कोणती? पापड लाटण्याचं हातातलं कौशल्य. कमतरता? पैसा नाही, जागा नाही आणि ऊन नसेल तर माल वाळत नाही. ही शेवटची कमतरता साधी नव्हती. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावं लागलं. धंदा सुरू होऊन काही महिने झालेत आणि चार महिने कुलूप! आपल्यापैकी कितीजण तिथेच थांबले असते?

पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पावसातही पापड वाळायला लागले. 'पावसाळ्यात अडचण येते' एवढंच म्हणून गप्प बसल्या असत्या, तर उपाय सापडला नसता. 'ऊन नाही म्हणून माल वाळत नाही' इतकी नेमकी अडचण समोर ठेवली, तेव्हा खाट आणि स्टोव्ह सुचतो.

दुसरी कमतरता जागेची. लिज्जतची पद्धत आजही अशी आहे की पीठ केंद्रावर मळलं जातं, बहिणी ते घरी नेतात आणि लाटलेले पापड परत आणून देतात. मोठा कारखाना नाही, म्हणून प्रत्येकीचं घर हाच कारखाना. कमतरतेतूनच धंद्याचं मॉडेल उभं राहिलं.

आणि काय करायचं नाही, तेही ठरलं. सुरुवातीला दोन प्रतींचे पापड करायचा विचार होता, हलका माल स्वस्तात विकायचा. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पा पारेख यांनी सल्ला दिला, की एकच चांगल्या दर्जाचा पापड करा आणि दर्जाशी तडजोड करू नका. ज्याच्या जोरावर गिऱ्हाईक परत येतं, तीच गोष्ट पातळ करायची नाही, हा यातला धडा.

ताकद लिहिताना तीन प्रश्न

आता तुमच्या कागदाकडे वळू. ताकदीच्या चौकोनात लिहिलेल्या प्रत्येक ओळीला हे तीन प्रश्न विचारा.

१. पुरावा काय? 'सर्व्हिस चांगली' हा पुरावा नाही. 'मागच्या सहा महिन्यांत आलेल्या ५० गिऱ्हाइकांपैकी ३२ परत आले' हा पुरावा आहे.

२. समोरचा दुकानदारही हेच म्हणू शकतो का? म्हणू शकत असेल, तर ती ताकद नाही. ती धंद्यात टिकायची किमान अट आहे. स्वच्छ हॉटेल ही ताकद नसते, ती अपेक्षाच असते.

३. यासाठी गिऱ्हाईक पैसे मोजतं का? तुम्ही हाताने सुंदर पॅकिंग करता, पण गिऱ्हाईक ते घरी जाऊन फाडून टाकतं. मग ती तुमची आवड झाली, ताकद नाही.

या तीन चाळण्यांतून दहापैकी दोनच ओळी उरल्या, तरी घाबरू नका. दोन खऱ्या ताकदी दहा खोट्यांपेक्षा बऱ्या.

आणखी एक. ताकदीला नाव बरोबर द्या. याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे कोडॅक आणि फुजीफिल्म. दोघंही कॅमेऱ्याच्या फिल्मच्या धंद्यातले दादा. गंमत म्हणजे डिजिटल कॅमेरा १९७५ साली कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने बनवला होता. तरीही कंपनीची कमाई फिल्मवरच टेकलेली राहिली आणि जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. फुजीफिल्मचाही फिल्मचा धंदा बसलाच. पण त्यांनी आपली ताकद 'फिल्म' अशी न लिहिता 'फिल्म बनवायला लागणारं रसायनांचं ज्ञान' अशी लिहिली, असं म्हणता येईल. फिल्ममध्ये कोलॅजनपासून बनणारं जिलेटिन असतं आणि त्वचेतही कोलॅजन असतं. ते ज्ञान वापरून २००७ साली त्यांनी जपानमध्ये त्वचेसाठी प्रॉडक्ट्स आणली. औषधं आणि टीव्हीच्या स्क्रीनला लागणाऱ्या फिल्म्स यांतही ते वाढले.

आपल्यासाठी अर्थ काय? तुमची ताकद 'लोणचं' नसेल, तर 'वर्षभर एकसारखी चव ठेवता येणं' असेल. 'झेरॉक्सचं मशीन' नसेल, तर 'सरकारी फॉर्म न चुकता भरून देणं' असेल. मशीन उद्या कोणीही आणेल, पण तो विश्वास एका दिवसात कोणी आणू शकणार नाही.

आता एक पूर्ण उदाहरण सोडवू

समजा, पिंपरी-चिंचवडमध्ये एक ताई घरातून डबे देतात. रोज ४० डबे, एका डब्याचे ८० रुपये, महिन्याचे २६ दिवस. ताईंच्या मनात आहे की मेन रोडला गाळा घ्यावा आणि पोळी-भाजी केंद्र टाकावं. डिपॉझिटसाठी सोनं ठेवायची तयारी आहे. हे करावं का?

आधी हिशोब मांडू. महिन्याची विक्री ८३,२०० रुपये. किराणा, भाजी, गॅस मिळून डब्याला ४५ रुपये, म्हणजे ४६,८०० रुपये. डबे पोचवणाऱ्या मुलाचा पगार १२,०००. हातात उरतात २४,४०० रुपये. एका डब्यामागे सुटतात ३५ रुपये, म्हणजे महिन्याला ९१० रुपये. हा ९१० चा आकडा लक्षात ठेवा.

ताकद : घरगुती २५ डब्यांपैकी १८ जण वर्षाहून जास्त काळ टिकून आहेत. मागच्या तीन महिन्यांतले नवीन गिऱ्हाईक जुन्यांनीच पाठवले. डबा साडेबाराच्या आत पोचतो.

कमतरता : पोळ्या एकट्या ताईच करतात. त्या आजारी पडल्या की धंदा बंद. मागच्या वर्षी असे ११ दिवस गेले. ४० पैकी १५ डबे एकाच ऑफिसला जातात आणि त्यांचं बिल दोन-दोन महिने थकतं.

संधी : आसपासच्या सोसायट्यांत ज्येष्ठ जोडपी बरीच आहेत, मुलं बाहेरगावी किंवा परदेशात. त्यांना कमी तिखट, कमी तेलाचं रोजचं जेवण हवंय. जवळच नवीन हॉस्पिटलही सुरू झालंय.

धोका : अ‍ॅपवरचे क्लाउड किचन डिस्काउंट देतात. तेल आणि गॅसचे भाव वर-खाली होतात. ते ऑफिस स्वतःचं कॅन्टीन काढायच्या विचारात आहे.

इथपर्यंत बरेच लोक येतात आणि थांबतात. खरं काम इथून सुरू होतं.

चौकोनांची जोडी लावा

हाइन्झ वाइरिख नावाच्या व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९८२ साली हीच अडचण ओळखून 'टोज मॅट्रिक्स' मांडली. नाव अवघड वाटलं तरी कल्पना सोपी आहे. चार याद्या वेगवेगळ्या ठेवायच्या नाहीत. आतली एक गोष्ट आणि बाहेरची एक गोष्ट यांची जोडी लावायची आणि प्रत्येक जोडीतून एक काम काढायचं.

ताकद आणि संधी : टिकून राहणारे गिऱ्हाईक आणि वेळेवर डबा ही ताकद. ज्येष्ठांना भरवसाच हवा असतो. काम : जुन्या १८ गिऱ्हाइकांना सांगून त्यांच्याच सोसायट्यांतून ज्येष्ठांचे २० डबे मिळवायचे. जाहिरातीचा खर्च जवळपास शून्य.

कमतरता आणि संधी : पण २० डबे वाढले तर पोळ्या कोण करणार? काम : नवीन ऑर्डर घ्यायच्या आधी सकाळच्या वेळेपुरती एक मदतनीस ठेवायची. पगार समजा ९,०००. दहा नवीन डब्यांत तो निघतो.

ताकद आणि धोका : अ‍ॅपवाल्यांशी किमतीत लढायचं नाही. ते डिस्काउंट देऊ शकतात, पण एकाच हातची घरगुती चव रोज ठरलेल्या वेळी देणं त्यांना जड जातं. काम : भाव कमी न करता महिन्याचे पैसे आगाऊ भरणाऱ्याला एक गोडाचा डबा भेट.

कमतरता आणि धोका : ही जोडी सगळ्यात महत्त्वाची आणि लोक हीच टाळतात. ऑफिसचे १५ डबे बंद झाले तर काय? १५ गुणिले ९१०, म्हणजे महिन्याला १३,६५० रुपये गेले. ताईंच्या कमाईतला निम्म्याहून जास्त भाग एका ऑफिसच्या एका निर्णयावर उभा आहे! काम : घरगुती डबे वाढवून ऑफिसवरचं अवलंबित्व कमी करायचं आणि थकबाकी मागायची.

थकबाकीबद्दल एक माहिती सगळ्यांनीच लिहून ठेवा. तुमची 'उद्यम' नोंदणी असेल आणि तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उत्पादक वा सेवा देणारे असाल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार खरेदीदाराने वेळेत पैसे द्यायला हवेत. लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर व्याज मागायचा हक्क आहे. सरकारी पोर्टलवर उद्यम नोंदणीला फी लागत नाही. भांडायची गरज नाही, पण बिलावर उद्यम नंबर छापलेला असला की समोरच्या अकाउंटंटचं लक्ष जातंच.

मग गाळ्याचं काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा गाळ्याचं भाडं १८,०००, दोन मदतनीस २०,००० आणि लाइटबिल वगैरे ४,०००. महिन्याला ४२,००० रुपये जादा खर्च. भागिले ९१०. उत्तर येतं ४७. म्हणजे आज जेवढं हातात उरतं तेवढंच उरायला रोज ४७ डबे जास्त विकायला हवेत. सोन्यावरच्या कर्जाचं व्याज यात धरलेलंच नाही. आणि मध्येच ऑफिस बंद झालं, तर ४७ चे ६२ होतात.

दुसरा रस्ता बघा. एक मदतनीस, २० नवीन डबे. जादा १८,२००, त्यातून पगार ९,००० वजा. महिन्याला ९,२०० रुपये वाढले. सोनं कपाटात, ताई आजारी पडल्या तरी पोळ्या सुरू आणि ऑफिसवरचा भारही कमी.

म्हणून ताईंचा ९० दिवसांचा निर्णय असा : पहिल्या पंधरवड्यात मदतनीस ठेवून चव जुळवायची. मग ज्येष्ठांचे २० डबे. ऑफिसला बिल ठरलेल्या तारखेला. हॉस्पिटलचं काम आत्ता नाही, कारण तिथली मागणी रोज बदलते आणि तेवढी माणसं नाहीत. गाळ्याचा विचार घरगुती डबे सलग तीन महिने ७० च्या वर राहिले, तरच.

गाळा वाईट असतो असा याचा अर्थ नाही. दुसऱ्या एखाद्या ताईंकडे आधीच चार मदतनीस असतील, गिऱ्हाईक दारातून परत जात असेल, तर तिथे हाच कागद 'गाळा घ्या' असं सांगेल. उत्तर प्रत्येकाचं वेगळं येणार. म्हणून दुसऱ्याचं स्वॉट कॉपी करू नका.

तुमचा होमवर्क

या रविवारी दोन तास काढा. मोबाइल बाजूला.

१. सगळ्यात वर एक प्रश्न लिहा. 'माझ्या धंद्याचं स्वॉट' असं मोघम नको. 'दिवाळीआधी दुसरं मशीन घ्यावं का?' असा नेमका हवा. प्रश्न नसेल तर चौकोनात काहीही भरलं जातं.

२. एकटे बसू नका. घरातलं एक माणूस, धंद्यातलं एक माणूस आणि शक्य असेल तर एक जुनं गिऱ्हाईक. कमतरता तुमच्यापेक्षा त्यांना आधी दिसतात. ते बोलतील तेव्हा समजावत बसू नका, फक्त लिहून घ्या.

३. जे गिऱ्हाईक यायचं बंद झालं, त्यातल्या तिघांना फोन करा. "परत या" म्हणू नका. "काय कमी पडलं?" एवढंच विचारा.

४. प्रत्येक चौकोनात जास्तीत जास्त चार ओळी. प्रत्येक ओळीत एक आकडा किंवा एक घडलेला प्रसंग हवाच.

५. जोड्या लावा आणि शेवटी तीन वाक्यं लिहा : ९० दिवसांत मी हे करणार. हे करणार नाही. आणि अमुक आकडा दिसला, तर निर्णय पुन्हा बघणार.

६. कागद गल्ल्याजवळ किंवा फ्रिजवर लावा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पाच मिनिटं वाचा. बाहेरची परिस्थिती बदलते, तसा कागदही बदलायला हवा.

या सगळ्यात मधलं वाक्य लिहायला सगळ्यात अवघड जातं, 'हे करणार नाही.' कारण प्रत्येक संधी हातची सुटतेय असं वाटतं. पण आपल्याकडे वेळ, पैसा आणि माणसं मोजकीच आहेत. चार ठिकाणी थोडं थोडं पाणी घातलं, तर एकही झाड जगत नाही.

तुमचा 'हे करणार नाही' काय आहे, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. पुढच्या भागात आपण एका डब्यामागे, एका ड्रेसमागे, एका ऑर्डरमागे खरंच किती सुटतं, हे कसं काढायचं ते बघू. कारण हा आकडा माहीत नसेल, तर कुठलंच स्वॉट पूर्ण होत नाही.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत धंदा नीट सांभाळा, आणि घरालाही वेळ द्या!